मला आखा येत नाही

७ फेब्रुवारी
डोंगरातून एक म्हातारी आणलीय. मीसॉ नाव. न्यूमोनिया. आखाशिवाय दुसरी भाषा येत नाही. जावई सोडून गेला, तीन दिवसांनी येतो म्हणाला.

सलाईनला शीर सापडेना. मोठ्या सिस्टर विलावन म्हणाल्या, "आधी ते मनगटावरचे मळके दोरे काप. काय बाई ही डोंगरातली माणसं!"

म्हातारीने माझा हात धरला. "नको गं पोरी! जीव बांधलाय त्यात. कापलास तर जाईल निघून."

शब्द न् शब्द कळला. माझीच भाषा ती! आणि मी? सिस्टरकडे बघून हसले — "काय बडबडतेय कुणास ठाऊक!" — आणि कापले.

नऊ वर्षं या हॉस्पिटलात मी दुआंगजाई आहे, चिआंग राय शहरातली. माझं खरं आखा नाव, मीचू, इथे कुणाला माहीत नाही.

८ फेब्रुवारी
म्हातारी जेवत नाही.

९ फेब्रुवारी
ताप उतरलाय, तरी घास नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीय. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलंय, मग अशी खंगत का चाललीय? का ते मला माहीत आहे! खाली मान घालून तक्ता भरत राहिले. शी! स्वतःचीच किळस येते.

१० फेब्रुवारी
दुपारी जावई आला. रिकामं मनगट बघून रडायलाच लागला. "गावात गेलेल्या जिवाला हाक मारणारी हीच. आता हिला कोण हाक मारणार?"

राहवलं नाही. स्वयंपाकघरातून अंडं आणि मूठभर भात आणला, वॉर्डाच्या दारात उभी राहिले आणि ओरडले — आखात, सगळ्यांसमोर — "मीसॉच्या जिवा, परत ये! चूल पेटलीय, भात शिजलाय, परत ये!" आई माझ्यासाठी ओरडायची तश्शी. वॉर्डातल्या नर्स पोरी बघतच राहिल्या. सिस्टर विलावन हातातला ट्रे घेऊन जागच्या जागी उभ्या.

नवा दोरा बांधत होते, तर म्हातारी म्हणते, "पहिल्याच दिवशी ओळखलं तुला. नाडी बघताना आखात आकडे मोजतेस. म्हटलं, असेल पोरीची काही अडचण. कशाला बोला?"

मग दोन घास खाल्ले तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ फेब्रुवारी
सिस्टर विलावननी खोलीत बोलावलं. वाटलं, गेली नोकरी! त्यांनी दार लावून घेतलं. फायलीतून मान वर न काढता हळूच म्हणाल्या — आखात, थेट आमच्या डोंगरातल्या हेलात — "ओढ्यापाशी हाक मारायची राहिली तुझी. जीव तिथेच अडकतो."