सोललेली द्राक्षं

ताई,

तुला नमस्कार, आणि आईच्या कपाळावरून माझ्या वतीने हात फिरव. फोन केला की शेजारी आई ऐकत असते, म्हणून लिहितेय. इथल्या रिसॉर्टचा ड्रायव्हर उद्या तिकडे येतोय, त्याच्या हाती चिठ्ठी देते.

आम्ही मजेत आहोत. खिडकीतून नुसत्या द्राक्षवेलींच्या रांगा दिसतात. हे आल्यापासून झोपाच काढताहेत. मला मात्र पहाटे पाचला जाग येतेच, आईच्या गोळीची वेळ ना ती. देतेस ना आठवणीने?

आज आम्हा पाहुण्यांना द्राक्षं तोडायला नेलं. डोक्यावर टोपी, हातात कात्री, पायाशी क्रेट. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली असतात. थोड्या वेळाने मुकादमबाई आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो बाई, घडच्या घड टाकायचे, सोलायचे नसतात!" बघते तर काय, क्रेट रिकामा, आणि मी एकेक द्राक्ष सोलून, बी काढून टोपीत ठेवत होते. आईला देते तशी.

सगळे हसले. मीही हसले. मग पाणी पिते म्हणून वेलींआड गेले ती बराच वेळ तिथेच बसले.

दमलेय गं मी. आईला सांगू नकोस.

तू सोमवारी निघणार, ठाऊक आहे. पण मी आल्यावरही आठवडाभर राहशील? मला कुठे जायचं नाही. तू तिला भरव. मी नुसती तिच्याजवळ बसेन, तिचं काहीही न करता.

तुझी,
धाकटी