लाल इशारा आणि आपला व्हरांडा

कॅन्सस, १२ मे

प्रिय बाबा,

आधी हे वाचा: मी धडधाकट आहे.

काल टॉर्नेडो आला. कॉलेजने सगळ्यांच्या मोबाइलवर आधी पिवळा इशारा पाठवला, मग नारिंगी, मग लाल. लाल दिसताच अख्खं वसतिगृह तळघरात! कुणाचा एक प्रश्न नाही. मानलं बुवा यांना! मी मात्र तुमचीच लेक, तुमच्यासारखी ढग बघायला व्हरांड्यात. वॉर्डन वर्नेटाबाईंनी कॉलर धरून ओढलं, "शेतावरची दिसतेस! लाल म्हणजे खाली. ढगाशी गप्पा नंतर!"

वर आलो तेव्हा व्हरांडा जागेवर नव्हता.

तुमचा गुडघा कसा आहे? पायऱ्या उतरता येतात ना?

इथली वादळं पुढे तुमच्याकडेच येतात. शेजारच्या रॉयकाकांना सांगून घरचा फोन तळघरात हलवायला लावलाय. तुमच्याकडे लाल इशारा आला की मी फोन करीन. उचलायला खाली जावंच लागेल.

तुमची हट्टी,
मार्ली