राखण

सेलू,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

ती. शालूअक्का हिस, बिरदेवचा शि. सा. न. वि. वि.

पाळी रात्रीची असूनही आत्ता जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून आत गरम लागतं का ते बघत होतो. गार होती. हात झटकून हा कागद घेतला, आणि तारीख घातल्यावर उठून परत बघून आलो.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोन वाजला की हाताला घाम सुटतो. कोणीतरी वाईटच सांगणार असं वाटतं, म्हणून तो बंद ठेवतो. शिवाय लिहिलेलं खोडता येतं.

राखणीच्या कामात काळजी असायचीच. कापसाला एक ठिणगी पुरते, गंज आतून तापली तरी पेटते, हे मला कळतं. पण कापूस ट्रकमध्ये भरून गेल्यावर रिकाम्या फरशीकडे बघूनही छाती धडधडते. गेल्या हंगामात हे वाढलं. उन्हाळ्यात जिनिंग बंद होती, तरी गेलं नाही. मुकादम चंद्रभान मला थर्मामीटर म्हणतात आणि सगळे हसतात. इथल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली. हृदय ठणठणीत आहे, उगीच विचार करू नकोस म्हणाले. तेव्हापासून विचार न करण्यातच दिवस जातो.

डबा तसाच परत जातो. शेठ म्हणाले की असंच चाललं तर दुसरा माणूस बघावा लागेल. खरं सांग अक्का, हे सगळ्यांनाच होतं का? आबांना कळवू नकोस. त्यांनीच शब्द टाकून हे काम लावलं आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
बिरदेव

*

चारठाणा,
६ डिसेंबर

चि. बिरदेव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं सासूबाईंच्या हातात दिलं. बँकेची नोटीस आली समजून त्या दुपारभर माझ्याशी बोलल्या न्हाईत.

अरे येड्या, काळजी कोणाला नसते? मला तुरीवरच्या अळीची हाय, तुझ्या दाजींना मोटरीची. परवा दीपिका शाळेतून उशिरा आली, तर मी पदर खोचून वेशीपर्यंत पळत गेले. तू तर लहानपणापासून असाच. मेंढरं जाळीत कोंडली की आमी सगळे घोरायचो अन् तू गुडघ्याला मिठी मारून बसलेला. आबा गावोगाव सांगायचे की माझा बिरू डोळ्याला डोळा लावत न्हाई, असा राखणदार शोधून सापडायचा न्हाई. शेठलाही त्यांनी हेच सांगितलं, म्हणून तर काम लागलं.

सोबत भंडारा पाठवते. कपाळाला लाव अन् पोटभर जेव. दुबळा झालास तर मुलगी कोण देईल?

इकडे सगळे खुशाल. माया असू दे.

तुझी,
शालूअक्का

*

सेलू,
१० डिसेंबर, सकाळी साडेसहा. रात्रपाळी संपवून गेटबाहेर ओट्यावर बसलो आहे.

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

भंडारा मिळाला, लावला.

दीपिका घरी आल्यावर तू काय केलंस ते लिहिलं नाहीस. मला वाटतं, तिला दोन शब्द बोलली असशील आणि मग भाकरी थापायला बसली असशील. अक्का, माझी दीपिका घरी येतच नाही. ती समोर बसून जेवत असते, तरी मी वेशीकडे पळतच असतो. थांबायचं कसं ते मला येत नाही.

सगळ्यांनाच होतं असं तू लिहिलंस. मग सगळे उभे कसे राहतात? मीच कमी पडतो असं दिसतं. महिनाअखेर शेठनं काढायच्या आधी मीच काम सोडणार आहे. कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. गावी तोंड दाखवणार नाही. पुढचा पत्ता कळवीनच असं नाही, वाट बघू नकोस.

तुमच्या सगळ्यांची आठवण असतेच.

बिरदेव

*

चारठाणा,
१३ डिसेंबर

चि. बिरू,

मी हसण्यावारी नेलं, चुकलं माझं. पत्र घेऊन तशीच सरजाबाईकडे गेले, त्या आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या. त्यांनी एकच विचारलं की काम उरकल्यावर काळजी उतरते का. माझी उतरते, दीपिका दिसली की उतरली. जी महिनोन्महिने उतरतच न्हाई, झोप अन् जेवण खाते, कामाला बसू देत न्हाई, ती नुसती काळजी नसते, आजार असतो, अन् त्याला औषध असतं, असं त्या म्हणाल्या. तू कमी पडत न्हाईस.

तू नको म्हणाला होतास, तरी आबांना सांगितलं. त्यांनी लगोलग मेंढरं मल्हारकाकांच्या हवाली केली. बुधवारी पहाटेच सेलूला येतील. त्यांच्यासंगं परभणीच्या डॉक्टरकडे जा. कुठं जाऊ नकोस रे, तेवढं ऐक.

तुझी,
अक्का

*

सेलू,
गुरुवार, १८ डिसेंबर, सकाळी सात. चहा-बिस्किटावर गोळी घेऊन बसलो आहे.

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

काल आबा आले. आम्ही रेल्वेनं परभणीला गेलो. दवाखान्याच्या बाकावर ते घोंगडी मांडीवर घेऊन बसले होते. 

डॉक्टरबाईंनी विचारलं की हे कधीपासून आहे. मी गेल्या हंगामापासून म्हणालो. तर आबा मधेच म्हणाले की न्हाई बाई, हे पोर दुसरीत होतं तवापासून झोपत न्हाई, मला वाटायचं राखण करायलंय.  

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा पुष्कळांना असतो म्हणाल्या. गंज एकदा बघणं हे माझं काम, बघून झाल्यावरही जे उरतं तो आजार. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करायची नाही, आणि दर पंधरवड्याला बोलायला यायचं. त्यांची चिठ्ठी शेठला दिली. हंगाम संपेपर्यंत दिवसपाळी देतो म्हणाले.

अजून फरक काही नाही. छाती धडधडतेच. पण काम सोडलेलं नाही, आणि पत्ताही हाच आहे.

आबा संध्याकाळच्या जिंतूर गाडीनं परत गेले. एक पाय पायरीवर ठेवून उभे राहिले. कंडक्टर मागून म्हातारबा चढा चढा करत होता. ते म्हणाले की मेंढरं माझी होती, राखण माझी होती, तू लेकरू होतास, तुला झोप म्हणून सांगायचं मला कधी सुचलं न्हाई.  मी बोललो ते गाडी वळल्यावर, पण तोवर स्टँडवर ऐकायला कोणी नव्हतं.

ते इथे लिहितो, त्यांना वाचून दाखव. आबा, मी आज झोपायचा प्रयत्न करीन.

तुझा,
बिरदेव