गाता येईल एवढ्याच वेगाने

१४ ऑगस्ट, सोमवार

ताप एकोणचाळीस. खोकला. काल पावसात धावले आणि मग ओल्या मोज्यांनिशी तासभर कॉफी पीत गप्पा मारल्या, त्याचं हे बक्षीस. स्टूरे म्हणतो, "बहात्तराव्या वर्षी माणसं आजारी पडतात. त्यात नवल काय?" नवल काय! जिल्हा अजिंक्यपद तोंडावर आलंय, नकाशा-होकायंत्र घेऊन जंगलातली निशाणं शोधत धावायचं! पण नवऱ्याला नकाशा म्हणजे मोटारीतला, तेवढंच माहीत.

१५ ऑगस्ट

काही नाही. झोप.

१७ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. न्यूमोनिया नाही — सुटले! स्पर्धेचं विचारणार होते, पण त्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की प्रश्न गिळला.

गुरुवारचा रिवाज, म्हणून स्टूरेने वाटाण्याचं सूप केलं. खारट ढोण. दोनदा मागून घेतलं. चव लागली! सूप खारट आहे हे कळणंसुद्धा केवढं सुख असतं.

१९ ऑगस्ट

ताप नाही. खिडकीशी बसले. जंगल जागच्या जागी आहे.

२० ऑगस्ट, रविवार

टपालपेटीपर्यंत जाऊन आले. रविवारी टपाल येत नाही, तरी गेले. पेटीला धरून उभी राहिले थोडा वेळ.

माय-लिसचा फोन. "इंगा, जिवंत आहेस ना? सत्तरीच्या गटात आपण तिघीच. तू नाही आलीस तर हरवायला उरली ती आर्विका गावची बाई, आणि तिला हरवण्यात कसली मजा?" वर्षानुवर्षं ही बाई जंगलात माझ्या पुढे-मागे आहे. मी म्हटलं, "माझी काळजी नको. तू तुझे गुडघे सांभाळ." फोन ठेवला आणि रडू आलं. बरं वाटण्याचं रडू.

२१ ऑगस्ट, सोमवार

यिल्वा आली. दालचिनीचे बन घेऊन आली आणि कोट न काढताच बसली, तेव्हाच ओळखलं. माझी लेक रागावलेली असली की कोट काढत नाही.

"आई, शनिवारी जाऊ नकोस."

"ताप गेलाय."

"ताप गेला म्हणून काय झालं? तेव्हाचं विसरलीस?"

नाही विसरले. ती लहान होती तेव्हा. तापातून उठून धावलेली तरणीताठी मुलं जंगलातच गेली. हृदय थांबून. मग सगळ्या स्पर्धाच बंद ठेवल्या होत्या. आमच्यात ते कोणी विसरत नाही.

बरीच बाचाबाची झाली. मी म्हटलं, माझे पाय, माझं जंगल. ती म्हणाली, "आणि वसंतात हरवलीस, तुला शोधायला माणसं निघाली, ती कोणाची?" शेवटी तह झाला. तिच्याच शब्दांत: "धावायचं नाही, चालायचं. गाता येईल एवढ्याच वेगाने. गाणं तुटलं की थांबायचं. सगळी निशाणं गाठून, ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या पायांनी बाहेर आलीस, तर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. पण तुला शोधावं लागलं, तर यापुढे एकटीने जंगलात जायचं नाही. कबूल?"

"कबूल."

हातात हात दिला. मग तिने कोट काढला.

कबूल म्हणाले खरी, पण शोधावं लागलं तर? जंगलात कोणाच्या तरी सोबतीने जायचं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं. त्यापेक्षा नकोच ते.

२३ ऑगस्ट, बुधवार

क्लबची संध्याकाळ. धावले नाही, नुसती बसून राहिले. क्लबातल्या बेनग्टने बनवलेल्या लाकडी बाकावर, पाठीला ऊन. कोणी ना कोणी येऊन गुडघ्यावर थोपटून जात होतं. एवढी माणसं आपली आहेत हे आजारी पडल्याशिवाय लक्षात येत नाही.

एक छोटी पोरगी पहिल्यांदाच नकाशा घेऊन निघाली होती. मागे तिचा बाप, सावली म्हणून. मुलाच्या मागून चालायचं, आणि बोलायचं नाही. बोटही दाखवायचं नाही. पोर चुकलं तर चुकू द्यायचं. बिचारा बाप ओठ चावत होता!

यिल्वाची सावली मी होते. एकदा ती रासबेरीच्या जाळीत घुसून भोकाड पसरून रडत होती, आणि निशाण पलीकडे हाताच्या अंतरावर. मी झाडामागे उभी राहून हातमोजा चावत होते. शेवटी तिचं तिलाच सापडलं. काय तो चेहरा! त्या हातमोज्यावर दातांच्या खुणा राहिल्या त्या राहिल्याच.

२५ ऑगस्ट

होकायंत्र, शिटी, निशाणावर नोंद करायची बोटातली चिप — पिशवीत. यिल्वाचा संदेश: "लवकर झोप." तिनेही झोपावं. दरवर्षी दुसरी येते बिचारी. यंदा पंचेचाळिशीच्या गटात पहिलं यायचंच म्हणून हिवाळाभर डोक्याला दिवा बांधून धावलीय.

२६ ऑगस्ट, शनिवार

आले! स्वतःच्या पायांनी! सगळं लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

यिल्वा माझ्या थोडी आधी सुटली. मागे वळूनही पाहिलं नाही. बरोबरच आहे, स्पर्धेत आई कसली! मग माझ्या सुटण्याची शिटी वाजली. नकाशा हातात आला आणि तो वास — ओलं शेवाळ, राळ, ऊन लागलेली सुई-पानं. आठवडाभर उशीला कापराचा वास येत होता. डोळे भरून आले. पहिलं निशाण मोठ्या खडकामागे, अलगद. दुसरं तळ्याच्या काठी. मी चालतेय, तोंडातल्या तोंडात गातेय, तह पाळतेय.

तिसऱ्याला माती खाल्ली. शेजारी शेजारी दोन दलदली, दोन्ही लांबट, दोन्हींच्या टोकाला टेकडी. मी डावीला उजवी समजून बसले. आणि मग जे होतं तेच झालं. नकाशात नसलेला खडक दिसला तर म्हटलं, नकाशा काढणारा विसरला असेल. ओढा दिसेना, तर म्हटलं, आटला असेल. ऑगस्टभर पाऊस पडतोय आणि म्हणे ओढा आटला! नवशिक्या पोराने असं केलं असतं तर मी कान धरला असता.

पुष्कळ वेळ गेला. कंबरेएवढ्या नेच्यात उभी होते. घाम गार झाला, छातीत धडधड, आणि एकदम भीती वाटली. हरवण्याची नाही. सोमवारच्या कबुलीची. शिटी गळ्यात होती. एक फुंकर, की कोणीतरी धावत येईल, आणि मग पुन्हा कधी एकटी नाही.

बसले दगडावर. म्हटलं, आधी दम बघू, गाता येतंय का. घाबरल्यावर एकही गाणं आठवेना. आठवलं ते फक्त नाताळच्या झाडाभोवती फेर धरून म्हणतो ते! ऑगस्टमध्ये, डासांत बसून, बहात्तर वर्षांची बाई मोठमोठ्याने नाताळ गातेय. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ सुचेना, तर तिथे "बटाटे" घातले. बटाटे चांगले बसले. पुन्हा म्हटलं, बटाट्यांसकट. हसू फुटलं. हे कोणाला सांगायचं नाही, स्टूरेला तर नाहीच.

मागे काटकी मोडली. एल्क हरीण असणार. "ये, तूही गा," म्हटलं. आला नाही. पण बरं वाटलं, कोणीतरी आहे म्हणून.

मग डोकं ठिकाणावर आलं. चुकलं की शेवटच्या पक्क्या जागी परतायचं. जन्मभर पोरांना हेच सांगत आलेय. तळ्यापर्यंत मागे गेले, होकायंत्र लावलं, मोजून मापून चालले. आणि तिथे, बर्चच्या मागे, नारिंगी-पांढरं निशाण! त्याच्या काठीला हात लावून मी त्याला धन्यवाद दिले.

तिघींत तिसरी. पण वेळेत! माय-लिस पहिली. म्हणाली, "मला वाटलं तू तिकडेच घर बांधलंस." आणि स्वतःचं कोरडं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. स्टूरेने गरम ब्लूबेरी सूप आणलं. सांडतच आणलं, पण आणलं.

सूप निम्मं झालं तेवढ्यात यिल्वा जंगलातून आली. लंगडत. "घोटा मुरगळला. सोडून दिली." मला काय झालं कोण जाणे, सगळ्यांदेखत बोलले: "सोडून दिली? वर्षभर राबलीस आणि घोट्यासाठी सोडलीस? मी खोकत पुरी केली!" ती माझ्या कपातलं सूप प्यायली आणि म्हणाली, "जिंकलीस, आई. आता मी तोंड उघडणार नाही."

२७ ऑगस्ट, रविवार

पाय लाकडाचे झालेत. खोकला वाढला नाही. जेवताना खिडकीतून जंगलाकडे बघत होते — माझं आहे अजून.

यिल्वाचं मात्र खुपतंय. आमच्यात अर्धवट सोडत नाहीत. पण तेवढं बोलायला नको होतं.

३० ऑगस्ट

फोन केला. "घोटा कसाय?" "कुठला? हां — बराय."

१ सप्टेंबर, शुक्रवार

क्लबात क्रेफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची, मेजवानी. कागदी टोप्या, चंद्राचे कंदील, शेपूचा घमघमाट, हात कोपरापर्यंत चिकट. मी पोटभर जेवले! माय-लिसने माझ्या ताटातलं सर्वांत मोठं क्रेफिश पळवलं आणि वर म्हणाली, "आजाऱ्याला पचत नाही."

यिल्वा नाचली. घोटा इतक्या लवकर बरा होतो? तरुण हाडं!

श्नॅप्सच्या दर पेल्याला एक गाणं, हा नियम. पाळी माझ्यावर आली. मी म्हटलं, "मला एकच येतं, तेही नाताळचं." यिल्वा तिसऱ्या श्नॅप्सवर होती. नांगी चोखत म्हणाली, "तेही धड येत नाही तिला. त्या ओळीत बटाटे नाहीत, आई. मेणबत्त्या आहेत."

सगळे हसले. मीही हसले. यिल्वाने एकदम मान खाली घालून क्रेफिश सोलायला घेतलं. केवढी लाल झाली! श्नॅप्स चढली असेल.

२ सप्टेंबर

सकाळी अंडं सोलता सोलता हात थांबला. बटाटे मी आयुष्यात एकदाच गायलेत.

फोन उचलला आणि ठेवला. पहिला नंबर सोडून आली होती पोरगी, आणि वर मीच तिला बोलले. मी चुकत राहिले, शिटी हातात धरून बसले, नाताळ गायले — आणि ती झाडामागे उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. केवढं जड गेलं असेल माझ्या लेकीला!

जुना हातमोजा माळ्यावरून काढून ठेवलाय. नाताळला बांधून द्यायचा. चिठ्ठी न लिहिता.