प्रमाणविजार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात पोट धरलेलं नाही. शास्त्रकारांनी छाती, कपाळ, हात, पाय, गुडघे सगळं मोजलं आणि पोट तेवढं वगळलं. त्यांची पोटं वाटेत येत नसावीत. माझ्या बाबतीत पूर्वी तेच आधी जमिनीला टेकायचं आणि उरलेली अंगं बिचारी अधांतरी राहायची. आता कुठे माझा नमस्कार शास्त्रशुद्ध झाला आहे, तो गोड मानून घ्यावा.) तुझा गुडघा कसा आहे, जिना चढताना अजून देवाचं नाव घेतेस की थेट भाऊजींचं, त्यांचा खोकला काय म्हणतो, आणि गच्चीवरच्या टाकीवरून शेजाऱ्यांशी धरलेला त्यांचा अबोला तितक्याच नेटाने चालू आहे ना, हे सविस्तर कळवावे. इकडे सर्व क्षेम. हा शब्द पुढे लागणार आहे, म्हणून मुद्दाम लिहिला.

पत्रास कारण, तुझा स्वेटर. पार्सल काल मिळालं. रंग उत्तम, वीण घट्ट, लोकर मऊ. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मापाबद्दल आहे आणि ती मी अत्यंत गांभीर्याने नोंदवू इच्छितो. तो अंगात घालून मी आत डोकावलो, तेव्हा आणखी एका माणसाची सहज सोय होईल असं दिसलं. माझं आत्ताचं माप तुला ठाऊक आहे. गेल्या सुट्टीत मला फाटकात पाहून तूच "कोण पाहिजे?" असं विचारलं होतंस. तरीही टाके घातलेस ते जुन्याच मापाने. याला विस्मरण म्हणावं की दूरदृष्टी? विस्मरण असेल तर थोरल्या बहिणीला सर्व माफ आहे. दूरदृष्टी असेल तर मात्र दोन शब्द बोलायला हवेत, कारण दूरदृष्टीची या घरात आधीच रेलचेल झालेली आहे.

पहिल्यापासून सांगतो. (तुला सगळं ठाऊक असतं, पण तुला ठाऊक असलेलं वगळायचं ठरवलं तर पत्रात फक्त सही उरेल.) दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला की झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो. तो पुन्हा सुरू होतो हे माझं नशीब, आणि तो सुरू होईपर्यंत तुझी भावजय अंथरुणात उठून बसते हे तिचं. मी घोरत असे तोवर तिला घोर नसे. मी गप्प झालो की तिचा डोळा उघडे. (शाळेत नेमकं उलट. तिथे मी बोलू लागलो की वर्गाचा डोळा लागतो.) वजन उतरवा, असं बाईंनी सांगितलं, आणि मी ते उतरवलं. किती, ते किलोत सांगत नाही. मी मास्तर माणूस, माझं माप असं की पाचवीतला एक सुदृढ मुलगा, दप्तरासकट, माझ्या अंगावरून खाली उतरला. श्वास सरळ झाला. ही झोपू लागली, ती इतकी की सकाळी तिला हाका मारण्याची वेळ माझ्यावर आली.

त्या वर्षी माझा जो मान झाला तो मी व्याकरण शिकवून उभ्या आयुष्यात मिळवला नव्हता. औषधाच्या दुकानदाराने काउंटरबाहेर येऊन मला सगळीकडून पाहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला सकाळच्या प्रार्थनेनंतर 'संयम' या विषयावर बोलायला उभं केलं, आणि शेवटी मुलांनी टाळ्या वाजवल्या (ऊन लागत होतं, तरी). पण ताई, उतरवण्याला प्रेक्षक असतात. उतरलेलं तिथेच ठेवण्याला कुत्रं विचारत नाही. आपल्या जुन्या लोकांनी योग आणि क्षेम हे दोन शब्द एकत्र बांधले आहेत. नसलेलं मिळवणं म्हणजे योग, मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. मी हे इतकी वर्षं फळ्यावर लिहून पुसत आलो आणि मला कधी कळलं नाही की यातला पहिला शब्द एकदाच करायचा असतो आणि दुसरा रोज, आणि त्याला सुट्टी नाही. आमचे गणिताचे सर अजून विचारतात, "काय सर, किती उतरलं?" मी सांगतो, "तेवढंच आहे." त्यावर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "होईल, होईल. धीर सोडू नका."

त्यात माझं शरीर जुन्या मताचं. वजन कमी करण्याचा ठराव माझ्या डोक्याने एकट्याने मंजूर केला, शरीराला तो अजून मान्य नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की शरीर जुनं वजन विसरत नाही. ते भूक वाढवतं आणि लहान झालेल्या देहाला लागतंही कमी. म्हणजे बारीक झालेल्या माणसाला भूक जास्त आणि परवानगी कमी. ज्याने कोणी ही व्यवस्था लावली त्याला आमच्या स्टाफरूममध्ये वाढदिवसाच्या केकच्या शेजारची खुर्ची मिळालेली नसणार.

आता मूळ प्रकरण. सुरुवातीला आम्ही वजनकाटा ठेवला होता. पण न्हाणीघरात दारापासूनची तिसरी फरशी किंचित उतरती आहे आणि तिच्यावर काटा ठेवला की तो माणसाशी सौजन्याने वागतो, हे माझ्या लक्षात आलं. माझ्या लक्षात आलं आहे हे मुलीच्या लक्षात आलं. (तिला आम्ही घरात परीक्षक म्हणतो. कॉलेजात जाते, पण गुण देते आम्हाला.) काटा कपाटावर गेला. मग तिघांची बैठक होऊन असं ठरलं की यंत्र नको, कापड बरं. शिंपीमामांकडून, माझं वजन सगळ्यात कमी होतं तेव्हाच्या मापाची एक विजार शिवून घ्यायची, जाड कापडाची, ज्यात रबर नाही, पट्टा नाही, दयामाया नाही. ही प्रमाणविजार. दर रविवारी आंघोळ झाली की चहाआधी ती घालायची, बटण लावायचं आणि बाहेरच्या खोलीतल्या बुटक्या स्टुलावर बसायचं. (उभ्याने कोणीही बटण लावतं. माणूस कळतो तो बसल्यावर.) बटण टिकलं तर पास, चहा. नाही टिकलं तर नापास, आणि चहा बिनसाखरेचा.

सुरुवातीला दोनतीनदा नापास झालो, मग मात्र पास होत गेलो. महिनेच्या महिने. आणि गंमत अशी की त्याच काळात माझ्या बाकीच्या सगळ्या पँटी तंग होऊ लागल्या. शर्टाची मधली दोन बटणं एकमेकांपासून फटकून वागू लागली. आता न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने काय करावं? प्रमाण म्हणतं देह तसाच आहे. कपडे म्हणतात नाही. प्रमाणावर शंका घेता येत नाही, म्हणून दोष कपड्यांचा. कपडे आटले. ते धुतो कोण? लाँड्रीवाला. मी गठ्ठा घेऊन त्याच्याकडे गेलो आणि कारण, उदाहरण, निष्कर्ष अशा पायऱ्यांनी त्याला समजावलं की तुझं पाणी फार गरम असतं. तो इस्त्री न थांबवता म्हणाला, "सगळे आटले?" मी म्हटलं, "एक सोडून सगळे." "मग तो एक कुठे धुता?" मी म्हटलं, घरी. "तर मग सगळेच घरी धुवा की, सर," असं म्हणून त्याने गठ्ठा परत माझ्या हातात दिला. तेव्हापासून धुणं घरी. कपडे आटतच राहिले.

गेल्या रविवारी निकाल लागला. मी विजार घातली, बटण लावलं, स्टुलावर बसलो, आणि बटण सुटून परीक्षकाच्या कपावर जाऊन टणकन आपटलं. मग ही म्हणाली, "द्या इकडे, मी लावते," आणि त्याच दमात मुलगी म्हणाली, "नको, मी लावते," आणि दोघींनी हात पुढे केले. ताई, माझ्या संसारात माझ्या बटणासाठी इतकी चढाओढ कधी झालेली नाही. इथेच मला पहिली शंका आली. मी विजार उजेडात धरली. कमरेच्या पट्टीवर, जिथे बटण असायला हवं होतं तिथून जिथे ते होतं तिथपर्यंत, सुईच्या भोकांची एक बारीक रांग गेली होती. बटण चालत आलं होतं. मी रोज संध्याकाळी चालतो त्याहून ते नियमित चाललेलं दिसलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कापडाची वीणच तशी आहे," ही म्हणाली.

"मी दोनदाच केलंय हं," मुलगी म्हणाली.

"तू?" हिने तिच्याकडे वळून विचारलं.

"म्हणजे? आई, तू पण?"

मग त्या दोघी एकमेकींवर जे भडकल्या त्यात विजार घातलेला माणूस समोर बसला आहे याचा दोघींना विसर पडला. न विचारता हात लावलासच कसा, तरी म्हटलं दोरा वेगळ्या रंगाचा कसा, माझा हिशेब चुकवलास, असं बरंच. शेवटी ही माझ्याकडे वळली. "नापास झालात की दिवसभर तोंड पाडून बसता. आता काय उपयोग, म्हणून संध्याकाळी चालायला जात नाही, आणि वर बिस्किटांचा डबा संपवता. पास झालात की शीळ घालत जाता. मी म्हटलं, अर्ध्या बोटाने माणूस चालतोय तर चालू दे." मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही स्टुलावर बसेपर्यंत आई दाराशी श्वास धरून उभी असते. मला नाही बघवत ते. म्हणून मी आदल्या दिवशीच सरकवून ठेवत होते." म्हणजे एकीने माझ्यासाठी बटण हलवलं, दुसरीने आईसाठी, आणि दोघींच्या मिळून बोटभर मायेने माझं वजन वाढलं. रागवायला जागा शोधत मी बराच वेळ त्या स्टुलावर बसून होतो. सापडली नाही. चहा साखरेचा होता की बिनसाखरेचा, हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मग तिघं मिळून औषधाच्या दुकानातल्या काट्याकडे गेलो. दुकानदार या वेळी काउंटरबाहेर आला नाही. आकडा सांगत नाही. पाचवीतला मुलगा अजून बाहेर उभा आहे, पण दप्तर त्याने आत आणून ठेवलं आहे. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे मला रागावण्याहून जड गेलं. हे बहुतेकांचं होतं, त्या म्हणाल्या; दप्तर आलंय तेव्हाच आलात हे चांगलं, मुलगा आल्यावर लोक येतच नाहीत. परीक्षा बंद करा, काटा सरळ फरशीवर ठेवा, आकडा तिघांनाही माहीत असू दे, आणि चालणं रोज, पास असा की नापास. त्याप्रमाणे काटा आता बाहेरच्या खोलीत सपाट जागी आहे. प्रमाणविजारीच्या कापडाची हिने पिशवी शिवायला घेतली आहे. भाजी कितीही आणली तरी ती कुरकुरणार नाही.

असो. भाऊजींना सादर प्रणाम. शेजाऱ्यांशी त्यांचा समेट झाला तर कळवू नये, त्यांना वाईट वाटेल. प्रकृतीस जपावे.

तुझा धाकटा

ता. क. स्वेटर परत पाठवू की ठेवू, असं हिने विचारायला सांगितलं होतं. मी तो ठेवून घेतला आहे. गणिताच्या सरांना बरोबर बसेल.

ता. क. दुसरा. संध्याकाळी शाळेची कामं लांबतात आणि चालणं बुडतं, म्हणून ते सकाळी करायचं ठरवलं आहे. ही सकाळच्या पाळीला जाते, मुलगी झोपलेली असते, आणि एकटा असलो की मी कोपऱ्यावरून परत फिरतो. तुझा फोन आला की मी घरात येरझाऱ्या घालतो हे तू ऐकलं असशील. तुझं बोलणं आटोपायला जितका वेळ लागतो, साधारण तितकंच चालायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. तर रोज सकाळी मला फोन करशील का? टाकीचं भांडण पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही.

ता. क. तिसरा. वरचं सगळं हसण्यावारी लिहिलं, कारण ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. हे वाचून दाखवलेलं नाही. पहिल्यांदा वजन उतरवलं तेव्हा ते किती अवघड आहे हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून जमलं. आता ठाऊक आहे. गेल्या आठवड्यापासून ही पुन्हा जागी राहते. मी झोपलोय असं तिला वाटतं, पण मीही जागाच असतो. सगळं वजन परत आलं, तर दुसऱ्यांदा ते उतरवणं माझ्याच्याने होणार नाही, याची मला भीती वाटते.