ब्लीच लावताना आलेला फोन

रविवार, संध्याकाळ. उलवे.

आज माझीच मला लाज वाटतेय. ऋताला केस फिके जांभळे करायचे होते. त्याआधी ब्लीच करावं लागतं म्हणे. बॉयकट असला तरी मागचं तिला दिसत नाही, म्हणून म्हणाली, "आई, तू लाव ना." हातमोजे घालून मी लावत होते. दोघी हसत होतो. तेवढ्यात नणंदेचा व्हिडिओ कॉल आला.

मी पटकन फोन भिंतीकडे फिरवला.

"वहिनी, ऋता कुठंय?"

"क्लासला गेलीय."

पोरगी माझ्यासमोर स्टुलावर बसलेली, डोक्यावर पांढरा लेप घेऊन. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी एवढी वाईट दिसते का गं?"

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "उगाच विषय कशाला वाढवायचा?" का फिरवला मी फोन? नणंद काय खाणार होती मला?

ती गुपचूप केस धुऊन आली. वाटलं, आता रंग स्वतःच लावेल. पण रंगाची वाटी माझ्या हातात देऊन ती पुढ्यात बसली आणि मान खाली घातली.

"मागे नीट लाव हं."

तिला माझं तोंड दिसत नव्हतं, तेच बरं झालं.