विमानाचे शेपूट का थरथरते

चामराजपेट, बेंगळूर
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप सुधींद्रअण्णास,

चामराजपेटेहून मावसभाऊ गुंडूरावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे पत्रापुरते, प्रत्यक्षात कंबर धरली आहे.) इकडे सर्व कुशल आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे विचारशील तर कुशल काहीच नाही. बोअरचे पाणी गेले, समोरच्या घराच्या जागी चार मजले उठल्यापासून आपल्या ओट्यावरचे ऊन गेले, आणि आमचा मुलगा रविकुमार सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला तेव्हापासून घरात आवाज म्हणून जो काय तो कुकरचा. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुला आता तारेवरच्या कावळ्याची चोचसुद्धा दिसते असे हर्षिता फोनवर म्हणाली. ऐकून बरे वाटले. लेकीच्या घरी धारवाडला थंड हवेत बसून कावळे बघण्याचे भाग्य सगळ्यांनाच कुठले.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगतो आहे आणि तुंगा लिहिते आहे. तिचे माहेर बेळगाव, शाळा मराठी, अक्षर मोत्याचे. माझी देवनागरी तुला ठाऊकच आहे, गिऱ्हाइकाच्या कमरेच्या मापापलीकडे कधी गेली नाही. शिवाय चष्म्याची काडी मोडली आहे. (चष्मा नाकावर आहे. काडी धड आहे. — तुंगा.) सांगतो तेवढेच लिही असे तिला बजावले आहे, पण बायकोला बजावून काही होत असते तर एव्हाना झाले असते.

तर मुद्द्याचे. तू दोन वर्षांमागे बिऱ्हाड हलवलेस तेव्हा रेल्वेच्या डब्याच्या दारात उभा राहून म्हणालास, 'गुंडू, हे विमानांचे पोरखेळ आता पुरे.' अरे, उभी हयात आपण काय केले? मी रेडिओवर चालणारे छोटे विमान बनवायचे आणि तू ते जमिनीवरून उडवायचे. आनेकलच्या पलीकडच्या त्या मैदानावर आपल्या दोघांना कोणी वेगळे ओळखत नव्हते. तू गेलास आणि मी मनात म्हटले, सरी, ठीक आहे, तुझ्यावाचून कोणाचे अडत नाही. मी एक विमान करायला घेतले. लहानसहान नव्हे. पंख पसरले की पुढच्या खोलीत भिंतीला पाठ घासत चालावे लागते. पेट्रोलचे इंजिन, हवेत कोलांट्या मारणारे, उताणे उडणारे, नाक वर करून शेपटीवर उभे राहणारे. ज्या वयात माणसाने सरळ चालावे म्हणून देवाला हात जोडावेत त्या वयात मी हे आरंभले. आणि येत्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी ते उडणार, आणि मी स्वतः उडवणार, असे भर मैदानात सगळ्यांसमोर सांगून बसलो आहे. तोंडातून शब्द गेला. आता मागे घ्यायचा म्हणजे नाक कापून हातात घ्यायचे.

सांगाडा छान झाला. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फळ्या कापून एकेक बरगडी जोडली. उजेडाला धरले तर पलीकडची तुळस दिसायची. तेवढ्यावरच थांबलो असतो आणि खुंटीला टांगून ठेवले असते तर सुखी झालो असतो. पण सांगाड्याला कपडे हवेत, आणि कपडे म्हटल्यावर आपल्या अंगात शिंपी येतो. तुला आठवत असेल, पूर्वीच्या लहान विमानांना आपण टिश्यूचा कागद आणि लाख चढवायचो. आता प्लास्टिकची फिल्म येते. एका बाजूला गोंद, वरून छोटी इस्त्री फिरवली की चिकटते, आणि आणखी तापवली की आक्रसून ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून बसते. मी म्हटले, इस्त्री म्हणजे तर घरचीच विद्या. आजोबांनी अर्ध्या पेटेचे कोट शिवले, अप्पांनी लग्नाच्या शेरवान्या शिवल्या, मी पँटी शिवल्या. दुकान बंद झाले ते तयार कपड्यांमुळे, हात विसरला म्हणून नव्हे. (काजे करता येईनाशी झाली म्हणून बंद केले. तयार कपडे त्याआधी वीस वर्षे होतेच. — तुंगा.)

पहिल्या दिवशीच घात झाला. इस्त्री लावण्याआधी हात सवयीने तांब्यात गेला आणि फिल्मखालच्या लाकडावर मी पाणी शिंपडले. वाफ आत कोंडली आणि उजव्या पंखाला कांजिण्या आल्यासारखे फोड आले. एकेक फोड टाचणीने फोडला. तो पंख आता लांबून चांगला दिसतो. आपणही लांबूनच चांगले दिसतो म्हणा.

पण खरा घात शेपटीत झाला. अण्णा, शिंपी माया सोडल्याशिवाय कात्री लावत नाही. गिऱ्हाईक लग्नानंतर सुटते, पोर वर्षात वाढते, म्हणून कडेला चार बोटे कापड जास्त ठेवायचे आणि आत दुमडायचे, पुढे उसवून मोठे करता येते. माझे हात विचारायला थांबले नाहीत. शेपटीच्या प्रत्येक तुकड्याला चार चार बोटे माया सोडली, दुमडली, इस्त्रीने बसवली, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून आतून अस्तरही लावले. अस्तर! विमानाला! सगळे झाल्यावर मधोमध बोटांवर तोलून धरले तर नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीवर. तेव्हा डोक्यात उजेड पडला की विमान बाळसे धरत नाही. शेपूट जड झालेले विमान उडत नाही, नुसते उठते आणि बसते. उसवायला गेलो तर गोंदाबरोबर लाकूडही सोलून यायला लागले. मग वजन सारखे करायला नाकात शिसे भरले. पुरेना. शेवटी तुंगाच्या खलबत्त्यातला बत्ता इंजिनाच्या खाली बांधला, तेव्हा कुठे ते आडवे झाले. जगात कोलांट्या मारणारी विमाने पुष्कळ असतील, पण वेलदोडे कुटायचा बत्ता घेऊन मारणारे हे एकच. (वेलदोडे मी आता लाटण्याने कुटते. विचारले कोणी नाही. — तुंगा.)

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात. डाव्या पंखाची फिल्म मी वरच्या बाजूने आधी ताणली, खालची बाजू दुसऱ्या दिवशी. त्या एका दिवसात पंखाला पीळ पडला. असा पंख घेऊन विमान सोडले तर ते सरळ जायचे सोडून एका कुशीवर कलंडत राहते. यावर उपाय तुला माहीत आहे: एकाने पंख उलट दिशेने पिळून धरायचा आणि दुसऱ्याने वरून गरम वारा फुंकायचा, म्हणजे फिल्म नव्या आकारात बसते. चार हातांचे काम. पूर्वी पिळायला तू असायचास. या वेळी तुंगाला उभे केले. मी म्हटले स्वल्प पीळ, हलक्या हाताने. तिने चादर पिळतात तसा धरला आणि पिळला, आणि तेही आधीचा पीळ होता त्याच दिशेने. बरगडी मोडल्याचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. (दिशा त्यांनी सांगितली होती. 'माझ्याकडे' म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतः पलीकडे गेले. — तुंगा.) बरगडी नवी घातली. पंख आता सरळ आहे, निदान रविकुमारच्या मोबाइलमधले पातळी दाखवणारे यंत्र तसे म्हणते.

रविकुमार परवा आयुधपूजेला आला होता. आपल्या रिवाजाप्रमाणे शिलाईचे यंत्र, कात्र्या, इस्त्री, त्याची मोटार आणि मधोमध विमान, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. कुंकू भरलेला कोहळा फोडला तेव्हा त्याचे पाणी विमानावर उडाले आणि पांढऱ्या पोटावर गुलाबी डाग पडला. तो जात नाही. रवि म्हणाला, 'अप्पा, छान झालं हं. आता पॅक करून ठेवा आणि आमच्याकडे या. खाली क्लबहाऊस आहे, कॅरम आहे.' कॅरम! कॅरमचे नाव काढताच मी तिथून उठलो. तुला कॅरममधला माझा हात माहीत आहे. आता त्या खेळाचे मला नाव नको.

आता जे मूळ दुखणे आहे ते सांगतो. विमानाच्या आत छोट्या मोटारी असतात. रेडिओ हातात धरून अंगठा हलवला की त्या शेपटीची आणि पंखांची फळकुटे हलवतात. मी रोज सकाळी पुढच्या खोलीत खुर्ची टाकून सराव करतो. अंगठा डावीकडे, फळकूट डावीकडे. इथवर ठीक. पण ते नुसते जात नाही, थरथरते. मी अंगठे नुसते टेकवून बसलो तरी सगळे शेपूट टकटकटक करत असते, थंडीत दात वाजावेत तसे. मी मोटारी बदलल्या. नव्याही थरथरतात. तारा बदलल्या, बॅटरी बदलली, पंखा बंद करून पाहिला, शेजारच्या वायफायला शिव्या दिल्या. फरक नाही. मग शुभंकरला बोलावले. शुभंकर म्हणजे पुण्याहून आलेला, इंदिरानगरच्या ऑफिसातला, हल्ली आपल्या मैदानावर येतो तो. पोरगा गुणी आहे, पण विमानाला 'प्रोजेक्ट' म्हणतो. त्याने रेडिओ हातात घेतला आणि शेपूट एकदम गप्प. इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर पोरे बसतात तसे. तो म्हणाला, 'काका, बेसिकली सगळं ओके आहे.' मी परत हातात घेतला, पुन्हा टकटक. त्याने माझ्याकडे पाहिले, मग खिडकीबाहेर पाहिले, आणि म्हणाला, 'काका, हवं तर रविवारी मी उडवतो, टेन्शन नका घेऊ.' मी त्याला कॉफी देऊन वाटेला लावले. यंत्रेसुद्धा माणूस बघून वागतात, दुसरे काय. (इथे मी काही लिहीत नाही. — तुंगा.)

तर असे आहे. रविवारी मैदानावर सगळे जमतील. जुने लोक तुझी चौकशी करतात. मी सांगतो की तो धारवाडला मजेत आहे आणि त्याला या पोरखेळात आता रस नाही. विमान वर गेले तर माझे नशीब आणि पडले तर बत्त्याचे. वहिनींना नमस्कार, हर्षिताला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला जपणे.

तुझा,
गुंडूराव

ता. क. धारवाडी पेढे पाठवू नयेत. वाटेत घाम सुटतो त्यांना. कोणी येणारेजाणारे असेल आणि त्याच्या हातून आले तर गोष्ट वेगळी.

ता. क. २. येणारेजाणारे म्हणजे उदाहरणार्थ तूच. त्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघालास तर रविवारी सकाळी इथे. उडवायला ये असे मी मुळीच म्हणत नाही. नुसता शेजारी उभा राहा. उभे राहून कंटाळा आला आणि हातात काही धरावेसे वाटले, तर रेडिओ तिथेच असेल. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे मनात आणू नकोस. म्हणजे हरी कोण ते आण, गाढव कोण ते आणू नकोस.

ता. क. ३. भावजी, नमस्कार. ते आंघोळीला गेले आहेत, म्हणून ही ओळ माझी. मोटारी चांगल्या आहेत. वायफायही चांगले आहे. डॉक्टरांनी श्रावणातच सांगितले, त्या दुखण्याचे नावही सांगितले; गोळ्या चालू आहेत, पण हात काही थांबत नाही. रविला सांगू देत नाहीत. मी म्हटले, शुभंकरला उडवू द्या. तर म्हणाले, 'दुसऱ्या कोणाच्या हातात रेडिओ दिसला की लोक विचारतील, गुंडूराव का नाही उडवत. सुधींद्रअण्णाच्या हातात दिसला तर कोणी काही विचारणार नाही. आमचे पहिल्यापासून तसेच आहे.' एवढे बोलून भिंतीकडे तोंड करून बसले. भावजी, विमानाचे काय व्हायचे ते होवो, पण माझ्या माणसाचा हात चारचौघांत असा उघडा पडायला नको. मला ते बघवणार नाही.

ता. क. ४. मी पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात हे बाहेर आले, वाचले, रागावले, आणि मग माझ्या हातून पेन मागून घेतले. बराच वेळ कागदाशी झटत होते. खाली जे दिसते आहे तो शाईचा डाग नाही, अक्षरे आहेत. 'अण्णा, ये' असे वाचावे. — तुंगा.